प्रोजेक्ट झोम्बॉइड: हातघाईची लढाई पायांनी लढायची असते

प्रोजेक्ट झोम्बॉइड या झॉम्बींपासून जीव वाचवत राहण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवा खेळाडू मरतो तो बहुतेक वेळा हातात चांगलं हत्यार असताना मरतो. हातात काही नसतं तोवर तो कुंपणाआडून, खिडकीखालून जीव मुठीत धरून चालतो. बॅट सापडली की अंगात बळ संचारतं. समोर तिघं दिसतात, हा धावत जातो आणि क्लिक, क्लिक, क्लिक. मध्येच एक वार हुकतो, बॅट हवेतून परत येईपर्यंत बाजूचा मानेला लागलेला असतो. मग मला विचारणा होते: "सगळ्यात भारी वेपन कोणतं गं?"

वेपनचं नंतर बघू. आधी अंतर, मग दम. ही दोन सांभाळता आली तर फ्राइंग पॅन घेऊनही अख्खी गल्ली साफ होते. नाही आली तर कुऱ्हाड फक्त प्रेताशेजारी पडून राहते.

खाली जे लिहितेय ते बिल्ड ४१ धरून आहे, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये स्टेबल झालेली आवृत्ती. झॉम्बी नेहमीचे, पाय ओढत येणारे. सेटिंगमध्ये जाऊन धावणारे झॉम्बी लावणाऱ्यांनी पुढे वाचलं तरी चालेल, पण त्यांनी माझ्या भरवशावर राहू नये.

बटणं आणि डोळे

राइट क्लिक दाबून धरला की कॅरेक्टर पवित्रा घेतं. तो धरलेला असताना लेफ्ट क्लिक म्हणजे वार आणि स्पेस म्हणजे ढकलणं. खाली पडलेला झॉम्बी पायाशी असेल तर स्पेसने त्याला तुडवता येतं. एवढंच. कॉम्बो नाही, ब्लॉक नाही, लोळून निसटणंही नाही. सेटिंगमध्ये एम आउटलाइन (नेम दाखवणारी रेघ) सगळ्या हत्यारांसाठी चालू करा, म्हणजे वार कोणाला लागणार त्याच्याभोवती रेघ दिसते. हे चालू केल्याने खेळ सोपा होतो असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

दुसरी गोष्ट नजरेची. तुम्ही खेळता वरून बघत, पण झॉम्बी दिसतात ते फक्त कॅरेक्टरच्या नजरेच्या टप्प्यातले. पाठीमागे कोण आहे ते स्क्रीनवर उमटतच नाही. आणि या गेममध्ये लढताना आपण सतत मागे मागे चालत असतो, म्हणजे नेमकं जिकडे चाललोय तिकडचंच दिसत नाही. म्हणून दर दोन-तीन वारांनंतर माउस झटक्यात मागे फिरवून परत पुढे आणायची सवय लावून घ्या. क्षणभराचं काम आहे. कॅरेक्टर बनवताना कीन हिअरिंग (तिखट कान) हे ट्रेट, म्हणजे कॅरेक्टरचा गुण, परवडत असेल तर घ्याच, त्याने पाठीमागचंही जरा लांबून कळतं. मी तर हेडफोनशिवाय हा गेम उघडतच नाही. घसटत येणारं पाऊल आधी कानाला कळतं.

एकाला मारायचं कसं

इथे थोडं थांबून बघा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

क्लिक केल्याक्षणी वार लागत नाही. कॅरेक्टर आधी बॅट मागे नेतं, मग ती पुढे येते आणि मग लागते. या मधल्या वेळात झॉम्बी चालतच असतो. तो टप्प्यात आला हे बघून क्लिक केलंत तर बॅट पोचेपर्यंत तो छातीशी आलेला असतो. शिवाय शेवटच्या पावलाला त्याची चाल बदलते, हात पुढे काढून तो अंगावर झेप घेतो. म्हणून क्लिक करायचं ते तो टप्प्याच्या जरासा बाहेर असताना. वार तुम्ही त्याच्यावर करत नाही, तो चालत वारात येतो. पहिल्यांदा हे चुकीचं वाटतं, बॅट रिकामी जाणार असं वाटतं. दोन-चार वेळा खरंच रिकामी जाईल. मग हाताला तो अर्ध्या पावलाचा हिशेब कळतो आणि परत कधी विसरत नाही.

वार लागला की झॉम्बी मागे भेलकांडतो. इथे नवा माणूस लगेच पुढे सरकून दुसरा घालायला जातो. तसं करू नका. तो भानावर येऊन पुन्हा चालायला लागेपर्यंत एक पाऊल मागे या आणि पुन्हा तीच अर्ध्या पावलाची वाट बघा. वार, पाऊल मागे, वार, पाऊल मागे. काही वारांनंतर तो आडवा होतो. आडवा झाला की लगेच डोक्यावर तुटून पडायचं नाही, आधी मान वर करून आजूबाजूला बघायचं. जवळपास दुसरा उभा असेल तर आडव्याला तसाच सोडा. तुमचा वार बहुधा उभ्याकडेच जातो, आणि खाली बघत बसलेल्या माणसाला तिसरा येऊन चावतो.

तुडवायचं असेल तर पायात काय आहे ते बघा. जाड बुटांनी चांगला मार बसतो. अनवाणी तुडवलंत तर स्वतःचाच पाय दुखावून घ्याल.

आणि ढकलणं. अंदाज हुकला, तो अगदी अंगाशी आला, तर वार करायला जागाच नसते. अशा वेळी लेफ्ट क्लिक विसरा आणि स्पेस दाबा. ढकललेला झॉम्बी मागे जातो, कधी पडतो, आणि तुमचं हरवलेलं अंतर परत मिळतं. ढकलण्याचा उपयोग तेवढाच, पण जीव वाचतो तो तेवढ्यानेच. हत्यार मोडलं तरी धक्का शिल्लक असतो हे घाबरलेल्या वेळी आठवलं पाहिजे.

दोन, चार, आणि त्याहून जास्त

दोघं शेजारी शेजारी येत असतील तर तसेच त्यांच्यासमोर उभे राहू नका. कमानीसारखं वळण घेत मागे चाला. दोघंही तुमच्याकडे तोंड करून वळतात आणि हळूहळू एकामागे एक होतात. आता एका वेळी एकच हाताशी आहे. हीच युक्ती चौघांना चालते, सहांना चालते, फक्त मागे मोकळी जागा तेवढी जास्त लागते. म्हणूनच मोठा घोळका दिसला की मी आधी हत्याराकडे नाही, पाठीमागच्या रस्त्याकडे बघते. मोकळा रस्ता, पार्किंगची जागा, शेत, काहीही चालेल. झाडी चालत नाही. झाडीत तुमची चाल मंदावते, अंगावर ओरखडे येतात आणि समोरचं काही दिसत नाही.

घोळका फोडायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चालणं. सगळे झॉम्बी एकाच वेगाने येत नाहीत. पन्नास-साठ पावलं मागे गेलात की घोळक्याची लांब रांग होते, पुढचे एक-दोन सुटे पडतात. त्यांना आडवं करा, पुन्हा मागे चाला. क्यू दाबून ओरडलात तर सगळी वस्ती एकदम येते, तेव्हा लढाईसाठी ते बटण विसरलेलं बरं. त्यापेक्षा सी दाबून वाकून जा, कडेच्या एकालाच दिसा आणि त्याला घेऊन मागे या.

या बाबतीत माझा चुलतभाऊ वाईट उदाहरण आहे. को-ऑपमध्ये, म्हणजे आम्ही एकत्र खेळताना, तो घोळक्याच्या मधोमध जाऊन बॅट पंख्यासारखी फिरवतो. एका वारात अनेकांना मार बसायचा तर सँडबॉक्समध्ये (खेळाचे नियम बदलायच्या सेटिंगमध्ये) मल्टी-हिट चालू असावं लागतं. ते बंद असताना एक वार एकालाच लागतो आणि बाकीचे शांतपणे जवळ येतात. तिघाचौघांनी एकदम घेरलं तर ते तुम्हाला खाली ओढतात, आणि तिथे हेल्थ कितीही असो, खेळ संपतो. पाठीमागून होणारा हल्ला तर आणखी वाईट. म्हणून नियम एकच: दोन्ही बाजूंना झॉम्बी दिसले की लढाई थांबवा आणि काढता पाय घ्या. तोही चालत किंवा शिफ्ट दाबून बेताने पळत, मोकळ्या बाजूने. घोळक्याला अगदी खेटून पळालात तर त्यांच्या झेपेने तोंडावर पडाल.

कुंपण

हा माझा आवडता भाग. कमरेएवढ्या उंचीच्या कुंपणावरून झॉम्बी येऊ शकतो, पण तो उडी मारत नाही, पलीकडून लवंडतो आणि तुमच्या पायाशी तोंडावर पडतो. पडलेला झॉम्बी उठेपर्यंत तुमचा.

पद्धत अशी. कुंपणावरून आधी तुम्ही पलीकडे जा, म्हणजे घोळका आणि तुमच्यामध्ये कुंपण येईल. कुंपणाला चिकटून राहू नका, एक-दोन पावलं मागे उभे राहा. पहिला लवंडेल, त्याच्या डोक्यावर वार किंवा टाच. दुसरा लवंडेल, त्याला तेच. अडचण येते ती झॉम्बी कुंपणाच्या लांबीभर पसरले की. मग तीन-चार जण एकदम लवंडतात आणि मधल्याकडे बघेपर्यंत कडेचा उभा राहतो. अशा वेळी कुंपणाला समांतर दहा-बारा पावलं चाला. सगळे तुमच्या दिशेने गोळा होतात आणि पुन्हा थोडे थोडे येऊ लागतात. तरीही जास्त आले तर मागे सरका, पुढचं कुंपण गाठा, तिथे पुन्हा सुरू करा. गेममधल्या मल्ड्रॉ गावात घरांमागच्या आवारांत अशी कुंपणं पुरेशी आहेत, नवख्याने हात तिथेच बसवावा.

खिडकीचंही तसंच. आत येणारा झॉम्बी फरशीवर पडतो. फक्त तुम्ही स्वतः फुटक्या खिडकीतून जाणार असाल तर आधी काचा काढा, नाहीतर लढाईआधीच हात कापून घ्याल.

दम

स्क्रीनच्या उजवीकडे मूडल दिसतात, कॅरेक्टरच्या अवस्थेची छोटी चित्रं. त्यात धाप लागल्याचं चित्र आलं की लढाई तुमच्या हातातून निसटायला लागली असं समजा. पहिल्या पातळीलाच तुमच्या वाराचा मार निम्मा होतो. दुसऱ्या पातळीला पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे जो झॉम्बी चार वारांत पडत होता त्याला आता आठ लागतात, त्या आठ वारांनी आणखी दम लागतो, आणि हे चक्र संपतं ते एकाच ठिकाणी. झोप न झाल्याचं मूडलही मार असाच कमी करतं. "बॅट काम करत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कॅरेक्टर नुसतं दमलेलं असतं.

म्हणून धावत लढाईला जाऊ नका. पहिलं चित्र दिसताच मागे चालायला लागा, अंतर पडलं की वळून आणखी लांब जा, नजरेआड व्हा आणि जमिनीवर बसा. बसल्यावर दम उभं राहण्यापेक्षा लवकर भरतो. दहा जण शिल्लक असताना बसायला जाणं भित्रेपणाचं वाटत असेल तर वाटू द्या. ते कुठे जात नाहीत. गेम जिथे घडतो त्या १९९३ च्या जुलैतल्या नॉक्स काउंटीत कोणालाच दुसरं काम नाही.

ओझ्याचंही तेच. लूट करून परतताना बॅग भरलेली असते, जड झाल्याचं मूडल असतं, आणि नेमकी वाटेत गाठ पडते. बॅग खाली टाका, लढा, मग उचला. हातात धरलेली पिशवी तर आधी टाका, कारण बॅट दोन्ही हातांची असते आणि एका हाताने मारली की जोर राहत नाही.

घाबरल्याचं मूडलही वार बिघडवतं. त्यावर बीटा ब्लॉकरच्या गोळ्या आहेत, पण कॅरेक्टर जितके दिवस जगेल तितकी भीती आपोआप कमी होते. सुरुवातीच्या दिवसांत लहान लढाया निवडा म्हणजे झालं.

आता हत्यारं

क्रोबार (लोखंडी पहार) मिळाला तर आनंद माना. मार मध्यम, पण मोडायचं नाव घेत नाही. बेसबॉल बॅट जास्त जोरात लागते आणि समोरच्याला छान मागे ढकलते, पण लवकर झिजते. मी रोजच्या कामाला क्रोबार ठेवते आणि बॅट पाठीला लावते. कुऱ्हाडीबद्दल माझं मत लोकांना पटत नाही: झाडं तोडायला ठेवा. मार जबरदस्त आहे हे खरं, पण कुऱ्हाड हातात आली की सगळ्यांची पावलं पुढे पडायला लागतात. गेममधल्या रोजवुड गावच्या अग्निशमन केंद्रात कुऱ्हाड मिळण्याची शक्यता चांगली असते, तिथे जाण्याआधी अंतराचा सराव झालेला असू द्या.

भाला हा गरिबाचा मित्र. फांदी आणि चाकू असला की बनतो, टप्पा लांब, मार भरपूर. मोडतो मात्र पटापट, तेव्हा एक घेऊन निघू नका. ज्यांना अर्ध्या पावलाचा हिशेब जमत नाही त्यांनी भाल्याने सुरुवात करावी, चुकीला जरा जास्त जागा मिळते. चाकू-सुऱ्याचं याच्या उलट. नीट बसला तर जबड्यातून एका वारात काम होतं, पण त्यासाठी जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं म्हणजे काय ते वर वाचलंच आहे. घरात एकट्यादुकट्या झॉम्बीला ठीक, घोळक्यात नको. पेन, काटे-चमचे हेही हत्यारं म्हणून धरता येतात. येतात म्हणून धरू नका.

हत्याराच्या प्रत्येक प्रकाराची स्किल वेगळी वाढते, त्यामुळे रोज नवं हत्यार धरणारा कशातच तयार होत नाही. एक प्रकार पकडा. मेंटेनन्स वाढली की हत्यारं कमी झिजतात, आणि पवित्र्यात चालत राहिल्याने निंबल वाढते, म्हणजे राइट क्लिक धरून चालण्याचा वेग. माझ्या दृष्टीने लढणाऱ्यासाठी निंबल ही सगळ्यात मोलाची स्किल. कंबरेला पट्टा बांधा, दुसरं हत्यार त्याला लावा. पहिलं मोडलं की आकड्याचं बटण दाबून ते हातात येतं. भर लढाईत इन्व्हेंटरी उघडून शोधत बसलेला माणूस वाचत नाही.

घराच्या आत

मोकळ्यावर जमलेलं सगळं घरात निम्मं होतं, कारण मागे जायला जागा नसते. शिरण्याआधी खिडक्यांतून डोकवा. ज्या दाराने आत आलात ते उघडंच ठेवा, काढता पाय तिथूनच घ्यायचा आहे. आतलं प्रत्येक बंद दार उघडलं की आत न शिरता दोन पावलं मागे या आणि थांबा. जो आहे तो स्वतःच बाहेर येतो, आणि चौकटीतून एका वेळी एकच येतो. कोपऱ्यावरून वळताना भिंतीला चिकटू नका, लांबून फेरा घ्या. बाथरूमचं दार मात्र कायम वैरी समजून उघडा. खेळणारा प्रत्येक जण याला दुजोरा देईल.

जमिनीवर पडलेलं, पण तुम्ही न मारलेलं प्रेत दिसलं तर त्याच्या डोक्यात एक घाला. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडलेले असतात. गाड्यांच्या कडेने जातानाही खाली लक्ष असू द्या, सरपटणारे तिथून पाय धरतात.

कपड्यांबद्दल फार सांगत नाही. लेदर जॅकेट सापडलं तर घाला, थर चढवा, भोकं पडली की ठिगळं लावा. पण थर वाढले की उकाडा वाढतो आणि दम लवकर जातो, तेव्हा अंगावर अख्खं कपाट चढवू नका.

बिल्ड ४२ ची अनस्टेबल, म्हणजे चाचणीची, आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. तिच्यात हत्यार फिरवून स्नायू दुखावतात. एका दमात पन्नास झॉम्बी झोपवणं आता अंगाशी येतं, दिवसभरात थोडे थोडे करावे लागतात. अंतराचा हिशेब तोच राहिला आहे.

लढाई संपल्यावर

एच दाबून हेल्थ पॅनल उघडा, मग लूट. रक्त येत असेल तर आधी पट्टी. साधा ओरखडा असेल तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये संसर्गाची शक्यता ७ टक्के, कातडी फाटली असेल (लॅसरेशन) तर २५ टक्के, चाव्याला १०० टक्के. ओरखड्यानंतर मळमळल्याचं चित्र दिसलं म्हणून लगेच हाय खाऊ नका. प्रेतांच्या ढिगाजवळ बराच वेळ राहिलं तरी तसंच होतं, तेव्हा आधी तिथून लांब जाऊन बघा.

चावा असेल तर औषध शोधण्यात वेळ घालवू नका, गेममध्ये ते नाही. साधारण दोन-तीन दिवस हातात असतात. त्यात चांगली हत्यारं आणि अन्न तळावर नेऊन पेट्यांमध्ये नीट लावा, गाडीत पेट्रोल भरून ठेवा, किल्ली सापडेल अशा जागी ठेवा, आणि शेवटच्या दिवशी तळापासून लांब जा, कारण मेल्यावर तुम्हीही झॉम्बी होता. त्याच जगात नवं कॅरेक्टर सुरू केलं की ते सामान तिथेच मिळतं. अंगावरची बॅग आणि क्रोबारही परत हवा असेल, तर जुन्या स्वतःला शोधून काढा आणि कुंपणावरून लवंडायला लावा.